लाल मातीवरचा सट्टा

मे महिन्यात पॅरिसला लाल मातीवर फ्रेंच ओपन टेनिस सुरू होतं आणि आपल्या खारेपाटणात काही पोरं मोबाईल घेऊन रात्र रात्र जागतात. खेळासाठी नव्हे, सट्ट्यासाठी. मातीवर चेंडू संथ येतो, सामना लांबतो, प्रत्येक गुणावर पैज लागते. हरलेला पैसा परत मिळवायला पुन्हा पैसा लावणं, झोप उडणं, खोटं बोलणं ही आजाराची लक्षणं आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचा विकार आहेच. तथागतांनी सिगालोवाद सुत्तात धननाशाच्या सहा वाटांत जुगार मोजला. २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदाही केला. पण नुसत्या बंदीने आजार बरा होत नाही. म्हणून मायबापांनो, पोराला मारू नका, त्याचं कर्ज गुपचूप फेडूही नका. त्याला जवळ बसवून टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन लावा. जय भीम!