हाड जुळते, घोडा वाचतो का?

घोड्याचा पाय मोडला की त्याला गोळी घालायची, ही जुनी रीत. आता प्लेट आणि स्क्रू बसवून हाड सांधता येते. पण खरी अडचण त्यानंतर सुरू होते. माणसाला खाटेवर झोपवून ठेवता येते. साडेचारशे-पाचशे किलोंचा घोडा मात्र भूल उतरताच धडपडून उठू पाहतो.

1975 साली अमेरिकेतील रफियन ही शर्यतीची घोडी शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येताना अशीच झटापट करू लागली. सांधलेला पाय पुन्हा निकामी झाला आणि तिला मरण द्यावे लागले. 2006 मध्ये बार्बारो या घोड्याला लॉकिंग प्लेट व 27 स्क्रू बसवले. भूल उतरेपर्यंत त्याला पाण्याच्या टाकीत तराफ्यावर ठेवले. हाड बरेचसे जुळले. पण शरीराचा भार दुसऱ्या पायावर पडून खुराचा दाह, म्हणजे लॅमिनायटिस झाला. जानेवारी 2007 मध्ये त्यालाही दयामरण द्यावे लागले.

आज हाडाची काही फ्रॅक्चर घोडा उभा असतानाच, गुंगीचे औषध व स्थानिक भूल देऊन, स्क्रूने सांधतात. उभ्या घोड्याच्या पायाचा सीटी आणि पेट स्कॅनही होतो. हाड मोडण्याआधीच त्यातील दोष दिसू शकतो. सर्वांत मोलाची प्रगती हीच. मात्र दोष दिसल्यावर घोड्याला शर्यतीतून काढून विश्रांती द्यायची की नाही, हे बहुधा मालक ठरवतो. बक्षिसाच्या मोहाने त्याने ते टाळले, तर पुढे सर्जनचे कौशल्यही अपुरे पडते.