चोच वाढली? कात्री खाली ठेवा

पिंजऱ्यातल्या पक्ष्याची चोच लांब किंवा वाकडी दिसू लागली की घरातले कुणीतरी नेलकटर शोधू लागते. भगिनींनो, एवढे मात्र होऊ देऊ नका. चोच वरून आपल्या नखासारखी असते, आयुष्यभर वाढत राहते. पण तिच्या आत हाड, नसा आणि रक्तवाहिन्या असतात. बजरी पक्ष्याचे वजन 30 ते 40 ग्रॅम, अंगातले सगळे रक्त जेमतेम 3-4 मिलिलिटर. कापताना चूक झाली तर तो जिवानिशी जाऊ शकतो.

निरोगी पक्ष्याची चोच खाताना, कुरतडताना आपोआप झिजते. म्हणून पिंजऱ्यात समुद्रफेसाचा तुकडा टांगा. बसायला प्लास्टिकच्या दांडीऐवजी कडुनिंबाची किंवा पेरूची फांदी धुऊन लावा. आपल्या शेंदूरजनाघाटात संत्र्याची काडी सहज मिळते, तीही चालते. मात्र फवारणी झालेल्या झाडाची नको.

एवढे करूनही चोच वाढतच असेल, तर दुखणे आत आहे असे समजा. नुसते राळे किंवा सूर्यफुलाच्या बिया खाऊन यकृतावर चरबी चढते, 'अ' जीवनसत्त्व कमी पडते आणि चोच बिघडते. गाजर, लाल भोपळा, पालक, शेवग्याचा पाला रोज थोडा द्या. हिरवी मिरचीही द्या. पक्ष्याला ती तिखट लागत नाही. चहात बुडवलेली पोळी, चॉकलेट, खारट-तळलेले बंद.

चोचीच्या मुळाशी पांढरट, चाळणीसारखी खपली दिसली तर ते खरजेचे किडे. तेल, रॉकेल लावू नका. औषधाचे थेंब वजनावर ठरतात, ते पशुवैद्यानेच द्यावेत. चोच घासून नीट करणेही त्यांचेच काम. तालुक्याच्या दवाखान्यात सोय नसेल, तर नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. चोचीतून रक्त आले तर चिमूटभर मैदा लावून स्वच्छ कापसाने हलके दाबून धरा आणि लगेच निघा.

हे सारे बजरी, कॉकटेल अशा परदेशी पक्ष्यांसाठी. आपला हिरवा राघू पाळणे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. घरात असेल तर वनविभागाला कळवा. पिंजऱ्यात वाढलेला राघू तसाच उडवून देऊ नका. त्याला चारा शोधता येत नाही.

मांजरीला कोंडून उपाशी ठेवणाऱ्या स्त्रीची हदीस आपण मुलांना सांगतो. कोंडलेल्या जिवाला दाणा-पाणी आपल्याच हातून मिळते. आठवड्यातून एकदा त्याची चोच उजेडात नीट पाहणे, हाही त्याचा हक्कच आहे.