आधी घास की आधी दूध?

"बाळ काहीच खात नाही हो!" ही तक्रार ज्या घरात कधी झाली नाही, असे घर सापडणे कठीण. आम्ही शाळेत शिकवतो. मोठ्या भावंडाला न्यायला येणाऱ्या माता फाटकापाशी कडेवरच्या बाळाविषयी हमखास बोलतात. बाळ नऊ-दहा महिन्यांचे असते. खिचडीचा पहिला घास घेते, दुसऱ्याला तोंड फिरवते आणि तिसरा थुंकून टाकते. अशा वेळी आम्ही एकच विचारतो, "दिवसभरात दूध किती पिते?" मग हिशेब निघतो. सकाळी उठल्यावर एक बाटली, दहा वाजता एक, दुपारी झोपवताना एक, संध्याकाळी रडले म्हणून आणखी एक. एवढे पोटात गेल्यावर बाळाला भूक लागायची तरी कधी?

याच्या उलट चित्रही काही घरांत दिसते. बाळाला खीर चटवली, दोन-चार दिवस वरचा घास गेला की घरातले कोणीतरी म्हणते, "आता अंगावरच्या दुधात काही राहिले नाही, बंद कर." सातव्या-आठव्या महिन्यातच बाळ आईच्या दुधापासून तुटते आणि भाताच्या पेजेवर येते. एका घरात दूध फार, दुसऱ्या घरात दूध बंद. नुकसान दोन्हीकडे बाळाचेच.

म्हणून या महिन्यात आम्ही दूध आणि अन्न यांच्या वाटणीविषयी लिहीत आहोत. ही वाटणी दर दोन-तीन महिन्यांनी बदलते, एवढे लक्षात ठेवले तर निम्मा गोंधळ संपतो.

वाटणीचा हिशेब

पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. पाणीसुद्धा नको. सहा महिने पूर्ण झाले की वरचे अन्न सुरू करायचे आणि त्यासोबत आईचे दूध दोन वर्षे किंवा त्याहून पुढेही चालू ठेवायचे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. याच संघटनेने अंगावर पिणाऱ्या बाळाचा साधारण हिशेबही मांडला आहे. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसाला सुमारे 615 कॅलरी लागतात. त्यातल्या सुमारे 400 आईच्या दुधातून मिळतात आणि 200 अन्नातून मिळायला हव्यात. नऊ ते अकरा महिन्यांत गरज 690 च्या आसपास जाते आणि अन्नाचा वाटा 300 होतो. वर्षानंतर गरज 900 च्या जवळ पोहोचते. त्यातल्या 550 अन्नातून याव्या लागतात.

सोप्या भाषेत सांगायचे तर सुरुवातीला दुधाचे दोन वाटे आणि अन्नाचा एक. दहाव्या महिन्याच्या आसपास दोन्ही जवळजवळ निम्मे-निम्मे. वर्षानंतर अन्नाचा वाटा मोठा आणि दुधाचा लहान. दूध कुठेही एकदम बंद होत नाही, हळूहळू मागे सरते.

आता बाटलीचा हिशेब करून पाहू. म्हशीच्या 100 मिली दुधात सुमारे 100 कॅलरी असतात. 200 मिलीच्या चार बाटल्या म्हणजे 800 कॅलरी. दहा महिन्यांच्या बाळाची दिवसभराची गरजच 700 पेक्षा कमी! मग खिचडी कुठे जाणार? दुधात पाणी घातले तर कॅलरी कमी होतात, पण पोट तेवढेच भरते. या वयाच्या बाळाच्या पोटात, वजनाच्या दर किलोमागे सुमारे 30 ग्रॅम मावते. आठ किलोच्या बाळाचे पोट म्हणजे मोठी एक वाटी. त्या वाटीत पाणी भरायचे की अन्न, हे आपल्या हातात आहे.

दूध भरपूर, तरी रक्त कमी

"दूध तर पूर्णान्न, मग बिघडले कुठे?" असे एखाद्या दादीने विचारले तर तिचा प्रश्न रास्त आहे. दुधात प्रथिने आणि कॅल्शियम भरपूर असते. पण लोह जवळजवळ नसते. बाळ आईच्या पोटातून लोहाचा साठा घेऊन येते. तो साधारण सहा महिने पुरतो. कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाचा त्याआधीच संपतो. आईच्या दुधातले थोडे लोह बाळाच्या अंगी चांगले लागते, पण सहा महिन्यांनंतर तेवढ्याने भागत नाही. गाई-म्हशीच्या दुधातले लोह तर आणखी कमी अंगी लागते. शिवाय वर्षाच्या आत असे दूध जास्त दिल्यास काही बाळांच्या आतड्यातून नकळत थोडे रक्तही जाते. म्हणून वर्षापूर्वी गाई-म्हशीचे दूध हे बाळाचे मुख्य पेय होऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात.

याचा परिणाम आम्हाला वर्गात दिसतो. पहिलीत काही मुले लवकर दमतात, लक्ष लागत नाही, ओठ-नखे फिकट असतात. सगळ्यांचे कारण एकच असते असे नाही. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या 100 मुलांपैकी 67 मुलांमध्ये रक्ताचे प्रमाण कमी आढळले. बाळाचा मेंदू पहिल्या दोन वर्षांत झपाट्याने वाढतो आणि त्याला लोह लागते. तेव्हा राहिलेली कसर पहिलीच्या बाई भरून काढू शकत नाहीत.

ताटात काय असावे?

डाळीचे वरचे पाणी, भाताची पेज, मटणाचा नुसता रस्सा. यांनी बाळाचे पोट भरते, अंगाला फारसे काही लागत नाही. चमचा तिरका केला तर अन्न ओघळून पडू नये, इतके ते घट्ट हवे. सहाव्या-सातव्या महिन्यात गुळगुळीत घोटलेले, आठव्या-नवव्यात रवाळ, आणि त्यानंतर हाताने धरून खाता येतील असे मऊ तुकडे. वर्षाचे होईपर्यंत बाळाने घरचेच जेवण, कमी तिखट आणि मऊ करून खावे.

लोहासाठी आपल्या घरात साधने पुष्कळ आहेत. खिमा मऊ शिजवून, बारीक वाटून खिचडीत मिसळावा. कोंबडीचे मांस तसेच. अंडे पूर्ण उकडून, पिवळ्यासह, सहा महिन्यांनंतर देता येते. मासळी असेल तर काटे दोनदा तपासावेत. कलेजी आठवड्यातून एकदा, चमचाभर पुरे. मांस रोज परवडत नसेल तर मूग-मसुराची घट्ट डाळ, नाचणीचे सत्त्व, पालेभाजी आणि त्यावर लिंबाचे दोन थेंब. लिंबामुळे डाळ-भाजीतले लोह अंगी लागायला मदत होते. वरून अर्धा चमचा तूप किंवा तेल घातले की त्याच वाटीत कॅलरी वाढतात.

चहात बुडवलेले बटर, खारी किंवा बिस्किट मात्र बाळाला नको. चहा लोह शोषू देत नाही आणि मैद्याने भूक मरते. वर्षाच्या आत वरून मीठ-साखरही घालू नये. मधाविषयी थोडे स्पष्ट बोलायला हवे. मधात शिफा आहे हे आपण सगळे मानतो. पण वर्षाच्या आतील बाळाचे आतडे कच्चे असते आणि मधात कधीकधी असणाऱ्या जंतूंच्या बीजांमुळे त्याला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून वर्ष पूर्ण होईपर्यंत चाटणात, घुटीत किंवा खिरीत मध घालू नये. खजूर बी काढून, भिजवून, वाटून द्यावा. अख्खे शेंगदाणे, बदाम, द्राक्षे घशात अडकतात, ती देऊ नयेत.

प्रमाण किती? 250 मिलीची वाटी धरा. सहाव्या महिन्यात दोन-तीन चमच्यांपासून सुरू करून आठव्यापर्यंत अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीन वेळा. नऊ ते अकरा महिन्यांत अर्धी ते पाऊण वाटी, तीन-चार वेळा. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी, तीन-चार वेळा आणि मध्ये एखादे फळ. एखाद्या दिवशी कमी-जास्त झाले तर घाबरू नये. आठवड्याचा मेळ पाहावा.

नमाजच्या वेळांवर बसवलेला दिवस

आता शीर्षकातला प्रश्न. अगदी सुरुवातीला, सहा-सात महिन्यांत, बाळ फार भुकेले असेल तर नवा चमचा पाहून चिडते. तेव्हा थोडे दूध पाजून मग अन्न दिले तरी चालते. आठ-नऊ महिन्यांपासून मात्र जेवणाच्या वेळी आधी घास, मग दूध. वरचे दूध आणि जेवण यांत दीड-दोन तासांचे अंतर ठेवावे.

आपल्या घरांत दिवसाचे घड्याळ अजानवर चालते. त्यावरच दहा महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाचा दिवस बसवून पाहा. फजरच्या सुमारास आईचे दूध. आठ-साडेआठला नाचणीचे सत्त्व किंवा अंडे. दहाच्या पुढे झोपेआधी दूध. जोहरच्या वेळी खिमा किंवा डाळ घातलेली घट्ट खिचडी, मग हवे तर दूध. असरनंतर कुस्करलेले केळे किंवा चिकू. मगरीबनंतर घरच्यांसोबत दस्तरखानावर चपाती-डाळ कुस्करून. इशानंतर झोपताना दूध. रात्री उठले तर अंगावर पाजायला हरकत नाही. हा नुसता नमुना आहे, प्रत्येक घराने आपल्या सोयीने बदलावा.

दस्तरखानाचा मुद्दा आम्हाला विशेष महत्त्वाचा वाटतो. बाळ पाहून शिकते. अब्बा आणि भावंडे खाताना दिसली की तेही हात पुढे करते. सांडेल, माखेल, ते सोसावे. मोबाईल दाखवून किंवा नाक दाबून भरवू नये. नवी चव आठ-दहा वेळा समोर आल्यावरच अनेक बाळे ती स्वीकारतात. दोनदा थुंकली म्हणून भाजी कायमची बाद करू नये.

ताप, जुलाब किंवा दात येण्याच्या दिवसांत बाळ दुधाकडेच ओढ घेते. त्या दिवसांत आईचे दूध वारंवार पाजावे, अन्न थोडे थोडे देत राहावे. बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण वाढवावे.

काही मातांना अंगावर पाजणे शक्य होत नाही. त्यांनी मन खट्टू करू नये. वर्षाच्या आत कोणते दूध आणि किती, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. नऊ-दहा महिन्यांच्या, नीट जेवणाऱ्या बाळाला दिवसाला साधारण अर्धा लिटर पुरते. ते बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा पेल्याने द्यावे. बाटली स्वच्छ राखणे कठीण आणि तोंडात धरून झोपण्याची सवय दात किडवते. वर्षानंतरही दूध अर्ध्या लिटरच्या पुढे नेऊ नये.

ज्या बाळाला बाटल्यांचीच सवय आहे, तिथे एकदम बंदी नको. आधी दुपारच्या जेवणाआधीची बाटली काढा. चार-पाच दिवसांनी सकाळची कमी करा. पहिले दोन दिवस रडारड होईल, तिसऱ्या दिवशी भूक आपले काम करेल.

सल्लामसलत घरातली

दूध सोडवण्याचा प्रश्न आपल्याकडे बहुधा आईवर टाकला जातो आणि निकाल मात्र इतर देतात. कुरआनात सूरह बकरहच्या 233 व्या आयतीत पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे आणि त्याआधी सोडवायचे असेल तर आईबापांनी परस्पर संमतीने व सल्लामसलतीने ठरवावे, असे सांगितले आहे. म्हणजे बापही या चर्चेत आहे. शेजारणीच्या टोमण्याला मात्र त्यात जागा नाही. दादी-नानीचा अनुभव मोलाचा असतो. त्यांना बाजूला सारू नये, वाटणीचा हा हिशेब त्यांच्यासमोर मांडावा. नातवाच्या भल्याचे आहे म्हटल्यावर त्याच खिमा घोटायला बसतील.

अंगणवाडीत किंवा दवाखान्यात दर महिन्याला बाळाचे वजन करून घ्या आणि कार्डावरची रेघ वर जाते आहे ना, ते पाहा. सहा महिन्यांनंतरच्या बाळांसाठी आठवड्यातून दोनदा 1 मिली लोहाचे औषध देण्याची सरकारी योजना आहे. त्याची चौकशी आशाताईंकडे करा. घरात कोणाला थॅलेसेमिया असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. वजन दोन महिने वाढले नाही, तळवे-ओठ फिकट दिसले, बाळ माती खाऊ लागले किंवा प्रत्येक घासाला ठसका लागत असेल, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांकडे जा.

बाकी बहुतेक बाळांना लागतो तो थोडा धीर आणि थोडी भूक. उद्या दुपारी खिचडीआधीची बाटली बाजूला ठेवून पाहा.