आधी खेळा, मग बोला



न वाचता पुस्तकावर मत ठोकून देणाऱ्या मुलाला मी वर्गात कधी मार्क दिले नाहीत. मग तो हुशार असो नाहीतर हेडमास्तरांचा भाचा असो. हाच नियम आता माझ्या वयाच्या लोकांना लावायचं ठरवलंय. "व्हिडिओ गेमने पिढी बरबाद केली" हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकते, समुद्रावरच्या कट्ट्यावर ऐकते, एस.टी. स्टँडवर ऐकते. कुठला गेम, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "कुठला म्हणजे काय? सगळे सारखेच!" बोलणाऱ्याने एकही हातात धरलेला नसतो. 'श्यामची आई' आणि रेल्वेचं टाइमटेबल, दोन्ही छापील कागदच, तेव्हा दोन्ही सारखंच, असं म्हणण्यातला हा प्रकार!

मी खेळते. वय सत्तरीच्या पुढे, शिक्षण मराठी माध्यमातून बी.ए., उजव्या अंगठ्याला संधिवात. नातवाने टाकून दिलेला लॅपटॉप आणि लेकीचा जुना टॅब एवढंच भांडवल. गेल्या दोन-तीन वर्षांत जे खेळले त्याबद्दल जे खरं वाटतं ते लिहिते. कुणाला राग आला तर येऊ दे.

आधी निवडून पाखडून घेऊ. पैसे लावून रमी खेळणं याला आमच्या लहानपणी जुगार म्हणत, आणि पत्ते कागदाचे होते की काचेवरचे यावरून त्याचं नाव बदलत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, ती बरोबरच. पण त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि साधे करमणुकीचे खेळ वेगळे काढले. म्हणजे फरक दिल्लीला कळला, आमच्या कट्ट्याला अजून नाही.

दुसरा ढीग न संपणाऱ्या खेळांचा. 'कँडी क्रश' घ्या. पाच जीव मिळतात. ते संपले की अर्ध्या तासाने एक नवा, आणि धीर नसेल तर पैसे मोजा. पायऱ्या हजारोंनी, शेवट नाहीच. गोष्ट सांगणाऱ्या आजीने गोष्ट मुद्दाम संपवायचीच नाही आणि दर वळणावर ताटलीत नाणं मागायचं, असा हा धंदा. (आणि गंमत बघा, माझ्या ओळखीत हा खेळ खेळणाऱ्या बहुतेक बायका साठीच्या पुढच्या आहेत. पिढी बरबाद झाल्याचं दुःख त्याच सगळ्यात जास्त करतात!) मोबाईलवरची ती बंदुकांची शंभर जणांची लढाईही याच जातीची. एक डाव संपतो, खेळ संपत नाही. पोरं त्यात अडकतात हे मला मान्य आहे, डोळ्यांनी बघितलंय. पण अडकतात ती गेममुळे नव्हे, न संपण्यामुळे. टीव्हीवरच्या सासू-सुनांच्या मालिकाही न संपण्यावरच चालतात की. त्यांना कुणी बरबादी म्हणत नाही, कारण त्या आपण बघतो.

तिसरा ढीग संपणाऱ्या खेळांचा. त्यांना सुरुवात असते, मध्य असतो, शेवट असतो. त्यांच्याबद्दल मात्र कादंबरीबद्दल बोलतो तसंच बोललं पाहिजे.

'वेनबा' हा २०२३ चा छोटा गेम. टोरांटोतल्या मुलांनी केलेला. वेनबा नावाची बाई १९८८ साली नवऱ्याबरोबर कॅनडात येते. तिच्याजवळ आईची पाककृतींची वही आहे, पण फाटलेली, पुसट झालेली. गाळलेल्या जागा आपण भरायच्या, पदार्थ करायचा. पहिला पदार्थ इडली. इडलीपात्राच्या ताटल्या एकावर एक कशा बसवायच्या तेही नीट बघावं लागतं. हे ज्याने खेळात घातलं त्याने आईच्या स्वयंपाकघरात उभं राहून बघितलंय, एवढं नक्की. पुढे मुलगा मोठा होतो, तमिळ विसरत जातो, आणि शेवटाकडे त्याच वहीशी त्याला झगडावं लागतं, कारण अक्षरंच धड वाचता येत नाहीत. दोन तासांच्या आत सगळं संपतं. माझं मत? भाषा कशी जाते यावर मी बरीच भाषणं ऐकली आणि थोडी केलीही. त्या सगळ्यांपेक्षा हे दोन तास भारी. माझ्या परदेशातल्या भाचे-पुतण्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. उकडीच्या मोदकाला कळ्या किती घ्यायच्या ते तुमच्या पोरांना व्हिडिओ कॉलवर सांगून कळत नाही, हाताने करूनच कळतं. खेळात हातच कामाला लागतात.

'राजी' हा पुण्यातल्या मंडळींचा, २०२० चा. राजी नावाची पोर असुरांनी पळवलेल्या भावाच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगतात. मधले प्रसंग छायाबाहुल्यांचे, भिंतींवरची चित्रं पहाडी शैलीची, वाडे-महाल राजस्थानचे. डोळ्यांचं पारणं फिटतं. मारामारी मला जरा एकसुरी वाटली आणि शेवट घाईत उरकलेला. पण खरी तक्रार वेगळीच. पात्रं बोलतात इंग्रजी, नंतरच्या आवृत्तीत हिंदीही आली. पुण्यात झालेल्या खेळात मराठीचा एक शब्द नाही! करणाऱ्यांना बोल लावत नाही, त्यांनी पोटाला चिमटा काढून खेळ पुरा केला असणार. बोल आपल्याला आहे, कारण मराठी आवाज हवा असं आपल्यापैकी कुणी मागितलंच नाही.

'एज ऑफ एम्पायर्स'च्या दुसऱ्या भागात २०२२ साली बंगाली, द्रविड, गुर्जर आले, राजेंद्र चोळाच्या मोहिमा आल्या. आमच्याकडच्या एका कॉलेजकुमाराने मला रागाने विचारलं, "यात मराठे का नाहीत?" अरे बाबा, तो खेळ साधारण १६०० सालापाशी थांबतो. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. राग येण्याआधी सनावळी बघावी.

मराठे बघायचे तर 'एम्पायर: टोटल वॉर'. तो २००९ चा, इंग्लंडमध्ये केलेला. आता टॅबवरही मिळतो. १७०० साली सुरू होतो आणि त्यात मराठे घेऊन खेळता येतं. मी घेतले, दुसरं काय घेणार! नकाशावर युरोप, अमेरिका, हिंदुस्थान, कारभार करायचा, कर बसवायचे, फौजा हलवायच्या. कर वाढवला की रयत बिथरते, हे कुठल्याही नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा चांगलं समजतं. पण लढाईला उभी राहिले की हत्ती आणि सरळ रांगा. मराठ्यांचा जीव होता वेगात, मुलूख पाठीशी असण्यात, शत्रूची रसद तोडण्यात. त्यातलं फार थोडं हाताला लागतं. समुद्रावर वाऱ्याची दिशा आहे, हे उत्तम. भरती-ओहोटी मात्र नाही. आमच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जातात आणि भरतीला होडी लागते. अलिबागच्या माणसाला भरती-ओहोटी नसलेला समुद्र म्हणजे मीठ नसलेली आमटी.

आता मुद्द्याचं. परक्यांनी आपला इतिहास अर्धाकच्चा शिजवला, म्हणून रडण्यात अर्थ नाही. आपण काय शिजवलं? जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यात रायगड आहे आणि आमच्या थळसमोरचा खांदेरीही आहे. फ्लेक्स लागले, फटाके वाजले. पण खांदेरी कशासाठी महत्त्वाचा, हे फटाके वाजवणाऱ्यांतल्या दहांना विचारा. मी विचारलंय. जाऊ दे.

१६७९ साली महाराजांच्या माणसांनी मायनाक भंडाऱ्याच्या हाताखाली त्या बेटावर तटाचं काम काढलं. मुंबईच्या तोंडाशी किल्ला होणं इंग्रजांना परवडणारं नव्हतं. त्यांनी जहाजं पाठवून बेटाची नाकेबंदी केली. त्यांच्याकडे 'रिव्हेंज'सारखं मोठं, तोफांचं जहाज. आपल्याकडे लहान होड्या. पण वारा पडला की मोठं जहाज जागच्या जागी उभं राहतं आणि लहान होडी वल्ह्यांवर निघून जाते. १८ ऑक्टोबरला दौलतखानाचं आरमार नागावच्या बाजूने निघालं, इंग्रजांचं 'डव्ह' जहाज हाती लागलं, 'रिव्हेंज'ने मात्र झुंज देऊन आपल्या होड्या मागे लोटल्या. त्या दिवशी कोण जिंकलं? सांगणं कठीण. पण रसद चुकवाचुकवी करत बेटावर पोचत राहिली, तट चढत राहिला आणि अखेर इंग्रजांना नाद सोडावा लागला. समोरच्या उंदेरीवर मग सिद्दी येऊन बसला, तो भाग निराळा.

आता सांगा, यात गेम आहे की नाही? वारा, भरती, अंधार, दगड, धान्य, आणि मोजकी माणसं. शत्रूला मारायचं नाही, किल्ला पुरा करायचा. तोफेपेक्षा तांडेलाची अक्कल जास्त कामाची. गुराब, गलबत, शिबाड, सुकाणू, शीड हे शब्द पाठ करायला लागणार नाहीत, वापरायला लागतील. वापरलेला शब्द जन्मभर राहतो, हे भाषेच्या शिक्षिकेचं मत समजा.

असा खेळ आपण का करत नाही? पैसे नाहीत म्हणाल तर सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगसाठी ३,२६८ कोटींचं धोरण मंजूर केलंय. माणसं नाहीत म्हणाल तर पुण्यातलं निम्मं सॉफ्टवेअर आपल्याच नातेवाइकांच्या हातचं. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा मानही कमी नाही. खरं कारण वेगळं आहे आणि ते बोलायला आपण घाबरतो. खेळात हरता येतं. हरता येत नसेल तर तो खेळ नव्हेच, ती मिरवणूक. आणि आपल्याला आपला इतिहास फक्त मिरवणुकीतच बघायची सवय झालीय. पडद्यावर खेळणाऱ्याच्या हातून महाराजांची फौज हरली तर मोर्चा निघेल, या भीतीने कुणी त्या वाटेला जात नाही. गेला तर असा गेम करतो की बटण दाबलं की विजय. तो पाच मिनिटांत पोरं फेकून देतात, आणि बरोबर करतात.

माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. मला जंजिऱ्याचा गेम हवा. राजपुरीच्या खाडीच्या तोंडावरचा तो किल्ला ना महाराजांना मिळाला, ना संभाजीराजांना. महाराजांनी समोरच्या कासा बेटावर पद्मदुर्ग बांधला. लाय पाटलाने रात्री तटाला शिड्या लावल्या, पण मागून यायची कुमक वेळेवर आलीच नाही, असं आमच्याकडे सांगतात. १६८२ साली संभाजीराजांनी दगड टाकून खाडी बुजवायचं काम काढलं आणि मोगली फौज मुलखात घुसल्यावर त्यांना परत फिरावं लागलं. हे सगळं पोराने स्वतःच्या हाताने करून बघावं. शिड्या लावाव्यात, पहाटेपर्यंत वाट बघावी. दगड टाकावेत, लाटांनी ते हलवावेत. एवढ्या ताकदीच्या माणसांना हा एक किल्ला का मिळाला नाही, हे त्याला कळेल, आणि तरीही ते थकले नाहीत हेही कळेल. पद्मदुर्ग तिथे आजही उभा आहे. न मिळालेल्या किल्ल्यासमोर दुसरा किल्ला बांधणाऱ्या माणसाला आपल्या खोट्या विजयांची गरज नाही. जंजिरा जिंकता येणार नाही असा गेम करा, महाराजांबद्दलचा आदर वाढेल, कमी होणार नाही. ज्यांना हा अपमान वाटतो, त्यांनी मुरूडला जाऊन एकदा दोन्ही किल्ले एका नजरेत बघावेत.

आणि माझ्या वयाच्या मंडळींना शेवटचं. नातवंडं काय खेळतात ते शेजारी बसून बघा. एक डाव मागून घ्या. बोटं चुकतील, पोरं हसतील, हसू देत. मग खुशाल म्हणा, हा गेम टुकार आहे, आणि का टुकार आहे तेही सांगा. तुमच्या मताला त्यांच्या लेखी तेव्हाच किंमत येईल. पुण्या-मुंबईतल्या, अमेरिकेतल्या ज्या पोरांना संगणकाचं कळतं, त्यांनी खांदेरीचा अर्ध्या तासाचा का होईना, एक गेम करायला घ्यावा. शुद्धलेखन मी तपासून देईन, फुकट. भरती-ओहोटीचं गणित विचारायला थळच्या कोळीवाड्यात माझ्याबरोबर या, जेवणही घालीन.