घोषणा म्हणजे अनुदान नव्हे

अर्थसंकल्पाच्या दिवशीं सुशिक्षित घरांतून जी उत्सुकता दिसते, तिचा दहावा हिस्साही विनियोजन विधेयकाच्या वांट्यास येत नाहीं. काय स्वस्त झालें, काय महागलें, कोणत्या जिल्ह्यास कोणतें महाविद्यालय मिळालें, एवढें वाचून वर्तमानपत्राची घडी होते. परंतु ज्याच्या आधारानें सरकारी तिजोरींतून एक रुपया तरी कायदेशीरपणें बाहेर पडूं शकतो, तें अर्थमंत्र्यांचें भाषण नव्हे. तो विनियोजनाचा कायदा होय. कायद्यावांचून एकत्रित निधींतून पैसा काढतां येणार नाहीं, असें राज्यघटनेचा 266 वा अनुच्छेद सांगतो. तो कायदा कसा करावयाचा, हें 204 व्या अनुच्छेदांत आहे. खात्याखात्याच्या मागण्या विधानसभेपुढें याव्या, सभेनें त्या मंजूर कराव्या, आणि मंजूर झालेल्या रकमा व कर्जाचें व्याज, न्यायाधीशांचें वेतन यांसारखा ज्यावर मत घेतलें जात नाहीं असा भारित खर्च, असें सर्व मिळून विधेयक व्हावें, अशी ही रचना आहे. मंजूर रकमेंत फेरफार करणारी सूचना या विधेयकास मांडतांच येत नाहीं. म्हणजे वाद घालावयाचा तो मागण्यांच्या वेळीं. ती वेळ दवडली कीं सभासदाच्या हातीं होकाराखेरीज कांहीं उरत नाहीं. हा कायदा एका वर्षापुरता असतो, आणि 31 मार्च उलटला कीं न वापरलेली अनुज्ञा मरते.

हें सारें मुंबईच्या विधानभवनापुरतें आहे असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं परभणी जिल्ह्यांतील देवगाव फाट्याचा विचार करावा. मंठा, जिंतूर आणि सेलू यांकडून येणाऱ्या वाटा येथें मिळतात. एसटीच्या गाड्या थांबतात व पुढें जातात. 17 मार्च 2023 पासून स्त्रियांस या गाड्यांत अर्धें तिकीट आहे. पंचाहत्तरी उलटलेल्या वृद्धांस 2022 पासून तिकीटच नाहीं. सवलत चांगली आहे. पण वाहक तें अर्धें तिकीट त्याच क्षणीं फाडून देतो, आणि उरलेला अर्धा दाम महामंडळास सरकारकडून यावयाचा असतो. तो येण्यासाठीं मागणी हवी, लेखाशीर्ष हवें, सभेची मंजुरी हवी, आणि त्यानंतर वित्त विभागाचा वितरणाचा आदेश हवा. यांपैकीं कोठेंही विलंब झाला तर नवी गाडी लांबते, जुनीच गाडी ठिगळें लावून रस्त्यावर येते, चालक-वाहकांच्या पगाराचा दिवस पुढें जातो. सवलतीचें श्रेय घोषणा करणाऱ्यास मिळतें व गाडी बंद पडल्याच्या शिव्या वाहकास मिळतात, हा व्यवहार आम्हांस न्यायाचा वाटत नाहीं.

याच सेलू तालुक्यांत ब्रह्मवाकडीजवळ दुधना नदीवर निम्न दुधना प्रकल्पाचें धरण आहे. त्याचें काम किती दशकें रेंगाळलें हें त्या भागांतील शेतकऱ्यांस सांगावें लागत नाहीं. अपुरे राहिलेले जे 99 प्रकल्प केंद्र सरकारनें 2016 सालीं अग्रक्रमानें पुरे करावयाचे ठरविले, त्यांच्या यादींत याचें नांव आहे. असे प्रकल्प रेंगाळतात, त्याचीं कारणें अनेक असतात. भूसंपादनाचे तंटे असतात, पुनर्वसनाचे असतात. पण एक कारण विनियोजनाच्या रीतींतच आहे. वर्षाच्या कायद्यांत शंभर कामांस थोडी थोडी तरतूद दाखविली कीं शंभर मतदारसंघांतील पुढाऱ्यांचें समाधान होतें, आणि एकही काम वेळेवर पुरें होत नाहीं. पहिल्या वर्षीं नाममात्र रक्कम लावून काम यादींत घालावयाचें, दुसऱ्या वर्षीं भूमिपूजन, तिसऱ्या वर्षीं सुधारित खर्चाचा अंदाज. तोंवर सिमेंट, लोखंड व मजुरी यांचे भाव आपल्या गतीनें चढतच असतात. ही तुकडेबंदी कोणी चोरून करीत नाहीं. ती मागण्यांच्या पुस्तकांत छापलेली असते. तें पुस्तक उघडणारा माणूस मात्र आमच्या जिल्ह्यांत मिळणें कठीण.

येथें गोपाळ कृष्ण गोखले यांची आठवण होणें अपरिहार्य आहे. 26 मार्च 1902 रोजीं मध्यवर्ती कायदेकौन्सिलांत त्यांनीं अर्थसंकल्पावर जें भाषण केलें, त्या वेळीं त्यांस एका पैच्या खर्चावर मत देण्याचा अधिकार नव्हता. केवळ बोलण्याची मुभा होती. एवढ्या मुभेच्या बळावर, सरकारची शिल्लक ही भरभराटीची खूण नसून दुष्काळानें गांजलेल्या रयतेकडून गरजेपेक्षां अधिक घेतलेला कर आहे, हें त्यांनीं सरकारच्याच आंकड्यांनीं दाखविलें. त्यामागें गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या व्यासंगी माणसाचें साहाय्य व पुष्कळ दिवसांची मेहनत होती. आज आमच्या प्रतिनिधींस मत आहे, कपातसूचना आहे, लोकलेखा समिति आहे. नाहीं तो व्यासंग. ज्या पिढीस अधिकार नव्हता तिनें अभ्यास केला, आणि ज्या पिढीस अधिकार मिळाला ती मागण्या गोंधळांत मंजूर होऊं देते व मग सभागृहाबाहेरच्या पायऱ्यांवर फलक घेऊन उभी राहते!

पुरवणी मागण्यांची गोष्ट याहून वाईट आहे. घटनेच्या 205 व्या अनुच्छेदांत त्यांस जागा आहे ती दोन कारणांसाठीं: मंजूर रक्कम अपुरी पडली, अथवा वार्षिक पत्रकांत नसलेली नवी सेवा निघाली. आतां 2024 चें उदाहरण पहावें. 28 जून रोजीं राज्याचा 6,12,293 कोटींचा अर्थसंकल्प मांडला गेला. 9 जुलै रोजीं, म्हणजे पुरतीं दोन आठवडीं लोटण्यापूर्वींच, 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. त्यांत 25,000 कोटी ‘लाडकी बहीण’ योजनेसाठीं होते. आणि ती योजना तर 28 जूनच्या भाषणांतच जाहीर झाली होती. स्त्रियांच्या हातीं पैसा जावा याला आमचा विरोध नाहीं. घर कोणाच्या हातून चालतें हें आम्हांस ठाऊक आहे. पण ज्या खर्चाची घोषणा भाषणांत झाली, तो त्याच दिवशींच्या पत्रकांत कां बसला नाहीं? निवडणुकीच्या वर्षीं घाई असते, असें उत्तर मिळेल. घाई मान्य केली तरी त्या पत्रकांत दाखविलेली तूट मग कोणत्या हिशेबाची समजावयाची? सहा लाख कोटींचा संकल्प आणि अकरा दिवसांनीं त्याच्या सातव्या हिश्शाहून अधिक भर, हा प्रकार एखाद्या किराणा दुकानदारानें केला असता तर त्यास उधारीचा माल मिळाला नसता.

मराठवाड्यास यांत विशेष बोलण्याचें कारण आहे. 17 सप्टेंबर 1948 रोजीं निजामी राजवटींतून सुटलेला हा प्रदेश पुढें महाराष्ट्रांत आला तो समतोल विकासाच्या आश्वासनावर. वि. म. दांडेकर यांच्या समितीनें 1984 सालीं अनुशेष मोजला. राज्याचा एकूण 3,186 कोटींचा अनुशेष, पैकीं सुमारें 751 कोटींचा मराठवाड्याचा. 371 व्या अनुच्छेदानें निधीच्या न्याय्य वांटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोंपवितां येते. त्यानुसार 1994 सालीं वैधानिक विकासमंडळें झालीं, आणि 30 एप्रिल 2020 रोजीं त्यांची मुदत संपली. मंडळांनीं फार मोठें कार्य केलें असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि वांटपाचें एक सूत्र कागदावर होतें, व त्या सूत्राशीं वार्षिक तरतूद ताडून पाहतां येत होती. त्याऐवजीं आमच्या पदरीं काय पडलें? मंत्रिमंडळाच्या बैठका! 4 ऑक्टोबर 2016 रोजीं औरंगाबादेस बैठक झाली, सुमारें 49 हजार कोटींचा आराखडा जाहीर झाला. 16 सप्टेंबर 2023 रोजीं त्याच शहरीं, नव्या नांवाखालीं, पुन्हां बैठक झाली व 45 हजार कोटींहून अधिक रकमेच्या घोषणा झाल्या. मंत्रिमंडळास घोषणेचा अधिकार आहे. निधि विनियोजित करण्याचा नाहीं. असा आकडा ज्या दिवशीं छापला जातो, त्या दिवशीं तो कोणत्याही लेखाशीर्षाखालीं नसूं शकतो, अनेक वर्षांवर पसरलेला असूं शकतो, पूर्वींच चालूं असलेल्या कामांचा पुन्हां बेरजेंत धरलेलाही असूं शकतो. या शंका विचारण्याऐवजीं आमचीं वर्तमानपत्रें मथळ्यांत शून्यें मोजीत बसलीं, आणि आमचे नेते पुढच्या ‘पॅकेज’ची मागणी लिहूं लागले. मराठींत अनुदान हा शब्द असतां पॅकेज हा शब्द कां रुचला, याचेंही कारण उघड आहे: अनुदानाचा हिशेब द्यावा लागतो.

यावर कोणी म्हणेल कीं, कायद्यांत तरतूद झाली तरी पैसा मिळतोच असें कोठें आहे? आक्षेप खरा आहे, आणि आमच्या तक्रारीचा गाभा तोच आहे. विनियोजनाचा कायदा खर्चाची परवानगी देतो; पैसा तिजोरींत निर्माण करीत नाहीं. व्याज, वेतन व निवृत्तिवेतन आधीं भागवावें लागतें. उरल्यापैकीं कोणत्या खात्यास केव्हां व किती सोडावयाचें, हें वित्त विभाग आदेशानें ठरवितो. त्यामुळें सभेनें शंभर मंजूर केले आणि विभागानें साठ सोडले, तर चाळिसांचा निर्णय सभेबाहेर झाला. त्यावर ना चर्चा, ना मत. मग मार्चच्या शेवटच्या आठवड्यांत बिलांची झुंबड उडते, कांहीं रक्कम समर्पित होते, आणि महालेखापरीक्षकांचा अहवाल येईपर्यंत त्या वर्षाची गोष्ट शिळी झालेली असते. 2025 सालीं राज्यभर ठेकेदारांनीं थकलेल्या बिलांसाठीं कामें थांबविलीं, तीं बिलें कांहीं विनापरवाना कामांचीं नव्हतीं. विधानसभेनें दर तिमाहीस मंजूर रक्कम, सोडलेली रक्कम व खर्च यांचें खातेवार पत्रक पटलावर मागावें आणि पुरवणी मागण्यांवर मत देण्यापूर्वीं तें वाचावें, याला घटनेची दुरुस्ती लागत नाहीं. सभासदांनीं आग्रह धरला तर पुरे.

तो आग्रह त्यांनीं आपण होऊन धरावा अशी आशा आम्ही करीत नाहीं. ती टोचणी वाचकांकडूनच गेली पाहिजे. वित्त विभागाच्या ‘बीम्स’ नांवाच्या संगणकीय व्यवस्थेंत तरतूद, वितरण व खर्च यांचे आंकडे नोंदले जातात. सेलूस किंवा जिंतुरास एखाद्या वाचनालयांत निवृत्त शिक्षक व बँकेंतील दोन माणसें महिन्यांतून एक संध्याकाळ बसलीं, तर त्यांतील थोडे आंकडे एका वहींत उतरवितां येतील, आणि अधिवेशनापूर्वीं ती वही आपल्या आमदारापुढें ठेवतां येईल. सर्व राज्याचा हिशेब कोणी मागत नाहीं. निम्न दुधनेच्या कालव्यांचें एक लेखाशीर्ष, देवगाव फाट्यावरून जाणाऱ्या रस्त्यांचें एक, आणि एसटीच्या सवलतींच्या भरपाईचें एक, एवढीं तीन आरंभास पुष्कळ झालीं.