'औषध नाही' हे केसपेपरवर लिहून मागा

नाशिक रोडला जेलरोड, देवळाली गाव, सिन्नर फाटा या भागांतून ज्या आयाबाया आमच्याकडे येतात, त्यांच्या हातात पुष्कळदा एक चिटोरा असतो. 'गोळ्या बाहेरून घ्या.' मग रक्तदाबाची रोजची गोळी एक दिवसाआड होते, महिनाअखेरीस बंद होते, आणि एके दिवशी लकवा मारतो.

असे चिटोरे आम्हीही दिले आहेत. एका सरकारी दवाखान्यात नर्स असताना रात्रपाळीत आम्ही गोळ्या मोजून रजिस्टर भरायचो. दिलेली प्रत्येक गोळी त्यात चढायची. न मिळाल्याने परत गेलेला पेशंट मात्र कुठेच चढायचा नाही. पुढच्या वर्षीचे इंडेंट यंदाच्या खपावरून करायचे. यंदा चार महिने गोळीच नव्हती, म्हणजे कागदावर खप कमी, म्हणजे पुढची मागणीही कमी. टंचाईतून टंचाई जन्मते ती अशी.

आता रजिस्टरच्या जागी संगणक आहे. सी-डॅकने तयार केलेली ई-औषधी प्रणाली आपल्या राज्यात वापरतात. पण संगणकाला तेवढेच कळते, जेवढे कुणी त्यात भरते. लसींच्या बाबतीत हे बऱ्यापैकी जमले आहे. २०१५ पासून आलेल्या ईविन प्रणालीत लसींचा साठा मोबाईलवरून भरतात, फ्रीजचे तापमानसुद्धा वर दिसते. लस दिसते, तर रक्तदाबाची गोळी का दिसू नये?

तामिळनाडूने १९९५ पासून औषधखरेदीसाठी वेगळे महामंडळ चालवले. जिल्ह्याजिल्ह्याला गोदाम, प्रत्येक दवाखान्याला पासबुक, आणि साठा ठरलेल्या पातळीखाली गेला की नवी ऑर्डर. आपल्याकडे २०१७ मध्ये खरेदी हाफकिनकडे दिली, २०२३ मध्ये कायदा करून नवे प्राधिकरण आणले. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. मोफत ठीकच, पण खिडकीवर गोळी हवी ना! शिवाय बिटको महापालिकेचे, त्र्यंबक रोडचे सिव्हिल राज्याचे. दोघांची तिजोरी वेगळी, त्यामुळे निवेदनही दोन ठिकाणी द्यावे लागते.

खिडकीवरच्या फार्मासिस्टवर ओरडू नका, खरेदी त्याच्या हातात नसते. त्याच्याकडून केसपेपरवर औषधाचे नाव, तारीख आणि 'साठा नाही' एवढा शेरा मागा. चिटोरा घेऊ नका. रोजचा साठा खिडकीजवळ मराठीत लावावा, ही मागणी वस्तीच्या सह्यांनी करा. आपल्या लोकांना निवेदन नवे नाही. उत्तर नाही आले तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही.

शेरा मिळालेल्या केसपेपरची झेरॉक्स आमच्याकडे आणून द्या. पुढचे इंडेंट होण्याआधी तो गठ्ठा घेऊन आम्ही दोन्हीकडे जाणार आहोत.