राजरस्त्यावरील पहिला तास

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत मुंबई-पुणें द्रुतगतिमार्गावर एक उलटलेली मोटार व तिच्या शेजारीं पडलेला जखमी मनुष्य आमच्या दृष्टीस पडला. पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून आम्ही पुढें निघून गेलों. वर्गांत चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत शिकविणाऱ्यांस ही गोष्ट खचित लाजिरवाणी होय.

वस्तुतः २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत घातलेल्या १३४-अ कलमानें, सद्धेतूनें जखमीस साहाय्य करणाऱ्यास संरक्षण दिलें आहे. आणि कायद्यानें त्यास नांवही त्या शोमरोन्याचेंच दिलें आहे. त्याच कायद्यांत दुखापतीनंतरच्या एका तासास ‘सुवर्ण तास’ म्हटलें आहे, कारण त्या अवधींत उपचार मिळाल्यास प्राण वांचण्याचा संभव सर्वांत अधिक असतो.

तेव्हां, विद्यार्थ्यांनो, असा प्रसंग आल्यास सुरक्षित जागीं उभे राहून १०८ वर कळवा. जवळच्या किलोमीटरच्या पाटीवरील आंकडा व रस्त्याची बाजू सांगा. वाहतें रक्त स्वच्छ कापडानें दाबून धरा. आगीचें भय नसल्यास जखमीस हलवूं नका. पालकांसही विनंति कीं, केवळ पाहण्यासाठीं गाडी थांबवून रुग्णवाहिकेचा मार्ग अडवूं नये. आम्ही चुकलों, आमच्या मुलांनीं चुकूं नये, इतकीच इच्छा.